दमट हवेचं निमित्त

कोकिळानं मान वर करून पाहिलं, तर दुकानाच्या पायरीवर एक तरुण उभा. एक हात पोटावर, दुसऱ्या हातात लाकडी फूटपट्टी, आणि डोळे मिटलेले. श्रावणातली बुरबुर चालली होती. केसांतलं पाणी ओघळून कॉलरीत शिरत होतं, पण गड्याला त्याचं भानच नव्हतं.

"पोट दुखून राह्यलं का?" तिनं विचारलं. "दवाखाना पुढच्या गल्लीत हाये. इथी रेडिओ दुरुस्त होतात."

त्यानं दचकून डोळे उघडले. "नाई, दुखत नाई... मोजून राह्यलो."

"काय, पोट?"

"श्वास."

"बाप्पा!" कोकिळा म्हणाली, आणि हसू लपवायला तिनं पुन्हा रेडिओत डोकं घातलं.

खामगावच्या बाजारात तुळशीराम रेडिओवाल्याचं दुकान सगळ्यांना ठाऊक होतं. दुकानातलं निम्म्याहून जास्त काम त्याची पोरगी करते हेही ठाऊक होतं, फक्त कोणी तसं बोलून दाखवत नसे. तुळशीरामचे डोळे अधू झाले तसं बारीक तारा जोडायचं काम कोकिळाकडं आलं. विशीतली पोर, मॅट्रिक झालेली, हात असा स्थिर की कथिलाचा थेंब बरोब्बर जागेवरच पडणार. बिघाड कुठं आहे ते ती रेडिओची खरखर ऐकून सांगायची आणि तिचं सांगणं कधी चुकायचं नाही. अख्ख्या बाजाराचा तिच्या शब्दावर भरवसा. हे जरा ध्यानात ठेवा, कारण पुढचा सगळा घोटाळा या भरवशानंच केला.

तरुणाचं नाव शालिग्राम. पिंपळगाव राजाच्या हिंमतरावांचा धाकटा मुलगा. नागपूरला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता आणि परीक्षेसाठी त्याला स्वतःच्या हातानं एक यंत्र करून दाखवायचं होतं. बाकीची पोरं शहाणी, पाण्याचे पंप आणि विजेच्या मोटारी घेऊन बसली. यानं काय घ्यावं? सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेलं लेकरू झोपेत श्वास घ्यायचं विसरलं, तर घंटी वाजवून माणसं जागी करणारं यंत्र!

"विसरते?" कोकिळाचा विश्वास बसेना. "श्वास घ्यायचं कोणी विसरते का?"

"विसरते. माह्या वहिनीचं लेकरू..." तो थांबला. फूटपट्टी उगीच या हातातून त्या हातात घेतली. "सगळे जवळच बसून होते. भरदुपारी. कोणाच्याच ध्यानात आलं नाई. नागपूरचे डॉक्टर म्हणतात, तळपायाले नुसती टिचकी मारली असती त श्वास परत सुरू झाला असता. पण टिचकी कवा मारायची ते कळलं पाह्यजे ना."

कोकिळाचं हसू मावळलं. तिनं स्टूल पुढं सरकवलं. "बसा. आन् काय पाह्यजे ते नीट सांगा."

त्याला हवं होतं ते एवढंच — लेकराच्या पोटाची हालचाल ओळखेल असं काहीतरी. पोट गव्हाच्या दाण्याएवढं वर येतं आणि खाली जातं. तेवढं ज्याला कळेल, तेच पट्ट्यात बसवायचं. हालचाल दहा सेकंद थांबली की घंटी. बाकी सगळी जोडणी कागदावर तयार होती, पण हा एवढासा तुकडा कोणता निवडावा इथंच घोडं अडलं होतं. त्याच्या डोक्यात पारा होता. काचेच्या नळीत पाऱ्याचा थेंब ठेवायचा. नळी कलली की थेंब सरकतो आणि आतल्या तारा जुळतात.

कोकिळानं न बोलता फळीवरचा जुना रेकॉर्डप्लेअर खाली काढला. त्याचा पिकअप, म्हणजे सुई धरून ठेवणारा बोटभर तुकडा, सोडवला आणि त्याच्या दोन तारा रेडिओच्या मागं जोडल्या.

"ह्याच्यात क्रिस्टल असते," ती म्हणाली. "सुई केसाएवढी हलली तरी त्याच्यातून वीज निघते. धरा तुमची पट्टी. सुई पट्टीवर टेकवते... हलवू नका."

"नाई हलवत."

रेडिओतून खर्र... खर्र... असा आवाज यायला लागला.

"हलवून राह्यले तुम्ही."

"नाई ना!"

"मंग रेडिओ खोटं बोलते का? हात कापून राह्यला तुमचा."

"गारठा हाये," शालिग्राम म्हणाला. तिच्याकडं बघत म्हणाला, त्यामुळं खरखर आणखीच वाढली. कोकिळानं घाईघाईनं सुई उचलून घेतली. तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या, आणि त्याला गारठ्याचं कारण चालण्यासारखं नव्हतं.

मग तो रोजच येऊ लागला. कॉलेजातल्या सरांनी त्याला महिनाभर दवाखान्यात जाऊन काम करायची मुभा दिली होती. पुढच्या गल्लीतल्या बाळंतपणाच्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी यंत्र नीट चाललं तर एक ठेवून घेते असा शब्दही दिला होता. पण पिंपळगावची एसटी खामगावला लागली, की शालिग्रामचे पाय आधी तुळशीरामच्या दुकानाकडं वळायचे. कधी रुमालात बांधलेल्या कोवळ्या काकड्या, कधी भाजलेली कणसं. "घरी गंज झाली होती," असं रोज सांगायचा. गंज म्हणजे पुष्कळ. पण रोज पुष्कळ?

भांडणं तर ऐकत राहावीत अशी.

"पारा घेता, पण लेकरू कुशीवर वळलं त? थेंब जाऊन बसते कोपऱ्यात."

"आन् तुमच्या क्रिस्टलले दमट हवा सोसत नाई. तुम्हीच म्हणाल्या, पावसाळ्यात मरते तो."

"जपावं मंग त्याले. नाजूक गोष्ट जपायची असते."

"जपीन ना. फक्त जपू देते का ते सांगा."

"कोण?"

"क्रिस्टल, दुसरं कोण!" म्हणायचा आणि कणीस सोलायला लागायचा. ती ओठ दाबून हसायची.

फोनच्या रिसीव्हरमधली कार्बनची डबीही लावून पाहिली. तिचा कान फारच तिखट; रस्त्यानं बैलगाडी गेली तरी तिला तो श्वासच वाटे. ती बाद झाली. राहिले पारा आणि क्रिस्टल. निकाल तुळशीरामच्या पोटावर लागला. तुळशीराम दुपारी जेवून दुकानाच्या मागच्या खोलीत आडवा झाला, की त्याच्या ढेरीवर सायकलच्या ट्यूबचा पट्टा बांधायचा आणि दोघांनी घंटीच्या पत्र्याच्या डब्याशी बसून राहायचं. एके दिवशी क्रिस्टलचा पट्टा बांधलेला होता. तुळशीराम मस्त घोरत होता. घोरता घोरता मध्येच गप्प झाला... आणि घंटी कडाडली.

"काय झालं बे?" तो उठून बसला. "मेलो का मी?"

"श्वास थांबला होता तुमचा, बाबा. घोरता घोरता थांबता तुम्ही."

"खोटारडं हाये तुमचं यंत्र! म्या काय लेकरू हाये का श्वास घ्यायचं विसरायले?"

पण खोटारडं नव्हतं. पुढचे तीन दिवस त्यांनी घड्याळ लावून पाहिलं. तुळशीराम जेव्हा जेव्हा थांबला तेव्हा तेव्हा घंटी वाजली, आणि एकदाही उगीच वाजली नाही. शालिग्रामनं क्रिस्टल पक्का केला. त्या आनंदात तो "तुम्ही"वरून "तू"वर आला, आणि कोकिळानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ती मात्र "अहो"वरच राहिली. मनातल्या मनात ते "अहो" ती कसं म्हणायची, ते सांगायला नको.

गणपती बसले आणि झड लागली. चार-पाच दिवस सूर्य दिसला नाही. भिंतींना ओल आली, काड्यापेटीतली काडी पेटेना. अशा एका दुपारी तुळशीराम सामान आणायला अकोल्याला गेला होता, आणि पट्टा बांधायला पोट नव्हतं.

"माह्या पोटाले बांधते मी," कोकिळा म्हणाली.

शालिग्राम तोंड फिरवून रस्त्याकडं बघत उभा राहिला. तिनं लुगड्यावरून पट्टा बांधला, पिकअप नीट बसवला आणि स्टुलावर बसली. डब्यावरचा छोटा दिवा तिच्या श्वासाबरोबर लुकलुकायला लागला. त्यानं एक स्क्रू आवळला. मग सैल केला. मग पुन्हा आवळला.

"कोकिळा... घरचे नांदुऱ्याकडं पोरगी पाहून आले."

"कोणासाठी?" तिनं विचारलं. काय पण प्रश्न!

"माह्यासाठी. पितृपक्ष लागायच्या आत कुंकू लावून मोकळं होऊ म्हणतात." मुलाकडच्या वडीलधाऱ्यांनी जाऊन मुलीच्या कपाळाला कुंकू लावलं, की सोयरीक पक्की. मग ती मोडत नाहीत. मोडली तर त्या पोरीच्या नावाला बट्टा लागतो. "मी अजून... हो म्हटलं नाई."

तो स्क्रूकडंच बघत होता. पत्र्यावर पाऊस वाजत होता. नांदुऱ्याकडची पोरगी कोकिळाच्या डोळ्यांपुढं उभी राहिली, हिरव्या लुगड्यात, खाली मान घातलेली, आणि तिच्या शेजारी हा...

घंटी कडाडली.

शालिग्रामनं झटकन वर पाहिलं. आधी डब्याकडं, मग तिच्याकडं. आणि त्याचा चेहरा हळूहळू असा उजळला, की कोकिळा पुढं जन्मभर तो चेहरा विसरली नाही.

"कोकिळा," तो हळूच म्हणाला, "घंटी काऊन वाजली?"

आता काय कठीण होतं हो? दोन शब्द बोलायचे होते. पण दुकानाचं दार सताड उघडं, समोरचा कापडवाला गिऱ्हाईक नाही म्हणून इकडंच बघत बसलेला. हिंमतरावांची साठ एकर शेती, आणि आपण रेडिओ उघडून बसणारी पोरगी. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे तिला रागच आला. जे तिनं स्वतःशीही धडपणे कबूल केलं नव्हतं, ते एका पत्र्याच्या डब्यानं ओरडून सांगावं! लाजेनं तिचं अंग अंग तापलं.

"क्रिस्टल गेला," ती म्हणाली.

"काय?"

"क्रिस्टल गेला. झड हाये ना इतक्या दिवसांची. दमट हवेनं मेला तो."

"नक्की?"

"रेडिओवालीले इचारून राह्यले का तुम्ही?" आवाजात तिनं होती नव्हती तेवढी ऐट आणली आणि पट्टा सोडायला घेतला. बोटांना गाठ सुटेना.

शालिग्रामच्या चेहऱ्यावरचा उजेड गेला. "मले वाटलं..." तो म्हणाला, आणि काय वाटलं ते बोललाच नाही. "बरं. तू म्हणते त गेलाच असंन. मंग पाराच बसवतो आता. सरांना दाखवायचे दिवस जवळ आले." त्यानं डबा पिशवीत घातला. पिकअप तिथंच टेबलावर राहिला. छत्री उघडायचंही त्याच्या ध्यानात राहिलं नाही.

तो दिसेनासा झाल्यावर कोकिळानं पिकअपच्या तारा रेडिओला जोडल्या आणि सुई आपल्या तळहातावर टेकवली. खर्र... खर्र... अगदी ठणठणीत. तो मेलेला नाही हे तिला आधीच ठाऊक होतं. तरी ती कितीतरी वेळ तशीच बसून राहिली.

उद्या आला की सांगू, असं तिनं ठरवलं. उद्या तो आला नाही. परवाही नाही. तिनं पोस्टकार्ड घेतलं, "क्रिस्टल तपासला, तो चांगला आहे" एवढं लिहिलं. मग मनात आलं, हिंमतरावांच्या घरी हे कोण कोण वाचणार? तिनं कार्ड चुलीत घातलं. किती सोपं होतं ते कार्ड पाठवणं! रेडिओवालीनं पिकअपबद्दल लिहिलं तर कोणी काय म्हटलं असतं? पण मनात चोर असला की साधं कार्डही पेटीत पडत नाही. आठ दिवस गेले. गणपती गेले, झड उघडली, आणि नवव्या दिवशी शालिग्राम आला.

नवा सदरा घातला होता. त्यानं तुळशीरामच्या हातावर पेढा ठेवला, मग तिच्या पुढं पुडा धरला.

"परवा कुंकू लावून आले," तो म्हणाला.

"अरे वा! झकास झालं!" तुळशीराम म्हणाला. कोकिळानं पेढा घेतला आणि तोंडात टाकला. मग तिनं विचारलं, "यंत्र?"

"झालं. पारा बसवला. दवाखान्यात लावून पाहायचं हाये आज. चालते का तू? काही बिघडलं त तूच पाह्यजे."

"जाय, पोरी," तुळशीराम म्हणाला. बापाला बिचाऱ्याला काय माहीत!

दवाखान्यात सोजराबाई नर्सनं त्यांना एका पाळण्याशी नेलं. साडेसात महिन्यांतच जन्मलेली मुलगी, मुठीएवढं तोंड. सोजराबाईनं हलक्या हातानं पट्टा बांधला. पाऱ्याची नळी पट्ट्यावर, दिवा लुकलुकू लागला, सगळं ठीक. बाळाची आई खाटेवर बसून पाळण्याची दोरी ओढत होती. कुठली आई पाळणा थांबवून बसते? आणि कोणता इंजिनिअर नागपूरला टेबलावर बसून दोरीचा विचार करतो? पाळणा झुलत होता, पारा सरकत होता, दिवा लुकलुकत होता. शालिग्राम खूश होऊन डब्याकडं बघत होता. कोकिळाही डब्याकडंच बघत होती.

सोजराबाई बाळाकडं बघत होती.

"थांब वं बाई!" ती एकदम ओरडली आणि पाळणा धरला. बाळाचे ओठ निळसर झाले होते. पाळण्याबरोबर पारा नाचत होता म्हणून दिवा लागत होता. पोट कधीचं थांबलं होतं. सोजराबाईनं तळपायावर टिचकी मारली. एक... दोन... तिसऱ्या टिचकीला बाळानं तोंड वाकडं केलं, आचका दिला आणि टँहँ केलं. त्याच्या आईनं तर भोकाडच पसरलं.

"डब्याच्या भरोशावर बसलो असतो त आज लेकरू हातचं गेलं असतं, भाऊ," सोजराबाई म्हणाली. रागानं नाही, पण तेच जास्त लागलं.

शालिग्राम बाहेर येऊन ओसरीच्या पायरीवर बसला. तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता. कोकिळा खांबाशी उभी राहिली.

"सोडून देतो हे," तो म्हणाला. "पाऱ्याले पाळणा आन् पोट यातला फरक कळत नाई. क्रिस्टल दमट हवेत मरते. मले जमत नाई हे काम. सरांना सांगतो, पाण्याचा पंप करतो म्हणून."

"नका सोडू."

"मंग काय लावू, सांग ना! काय उरलं?"

कोकिळानं खांब धरला. आतून ते बाळ अजून रडत होतं, आणि त्या आवाजापुढं तिला तिची लाज फार फार लहान वाटली.

"क्रिस्टलच लावा," ती म्हणाली. "पट्ट्यातली सुई लेकरासोबतच झुलते. पाळणा हलला तरी तिले फक्त पोट कळते."

"पण तो गेला ना?"

"नव्हता गेला."

शालिग्रामनं वर पाहिलं.

"चांगला होता. आजबी चांगला हाये. तुम्ही गेल्यावर म्या लावून पाह्यला... खरं त पाह्याच्या आधीच मले माहीत होतं." तिचा आवाज बारीक झाला, पण ती थांबली नाही. "घंटी खरी वाजली होती. माहा श्वासच थांबला होता, तुम्ही नांदुऱ्याचं बोलले तवा. मी खोटं बोलले."

शालिग्राम बोलला तो असा, की तिला वाटलं, हा ओरडला असता तर बरं झालं असतं.

"मी मुद्दाम सांगतलं होतं तुले. तू काय म्हणते ते पाहायचं होतं. घंटी वाजली आन् मले वाटलं, झालं! आता घरी जाऊन नाई म्हणून सांगतो. बाबा कितीबी चिडू द्या..." त्यानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "पण तू म्हणाली क्रिस्टल गेला. तुह्या हातचं काम मी महिनाभर पाह्यलं, कोकिळा. तुह्यं सांगणं कधी चुकलं नाई. मी यंत्र खोटं मानलं आन् तुले खरं. त्याच दिवशी घरी हो म्हणून टाकलं."

बाई गं! कोकिळाला रडूच फुटलं. पदराचा बोळा तोंडात धरून ती रडली. आठ दिवस! आठ दिवसांत एक कार्ड! कुठंतरी खोलवर तिला वाटत होतं की याच्या मनात काही नसेलच, आपणच वेडी; त्या आधारावर तिनं ते आठ दिवस काढले होते. तोही आधार गेला.

"मोडतो मी," तो उठून उभा राहिला. "आत्ता जातो घरी. बाबांना सांगतो."

"नाव काय तिचं?"

"कोणाचं?"

"तिचं. नांदुऱ्याच्या."

"सत्यभामा."

नाव विचारलं नसतं तर बरं झालं असतं. नाव कळलं आणि हिरव्या लुगड्यातल्या त्या पोरीनं मान वर केली. सत्यभामा. ती कोणाशी खोटं बोलली होती? तिच्या कपाळावर कुंकू लागून पुरते दोन दिवसही झाले नव्हते. मैत्रिणी तिला चिडवत असतील. घर सारवून झालं असेल. आणि एक रेडिओवाली वेळेवर बोलली नाही म्हणून तिच्या नावाला बट्टा लागायचा, लोकांनी म्हणायचं, काहीतरी खोट असंन पोरीतच!

"नाई," कोकिळा म्हणाली. डोळे पुसले. "चूक माही हाये. ती तिच्या माथी नाई मारायची. दुकानात चला. पिकअप हाये माह्यापाशी, आज बसवून देते."

"कोकिळा—"

"चला म्हटलं ना. आत लेकरू हाये."

त्या दुपारी तिनं मेणबत्ती वितळवून पिकअपच्या फटी मेणानं बुजवल्या, दमट हवा आत शिरू नये म्हणून. हात नेहमीसारखा स्थिर होता. शालिग्राम समोर बसून तिच्या बोटांकडं बघत होता. पट्टा तुळशीरामच्या पोटावर बांधून तपासला. दुसऱ्या दिवशी तो त्या बाळाला लावला, पाळण्याची दोरी सोजराबाईनं मुद्दाम स्वतः ओढली. दिवसभरात घंटी दोनदा वाजली, दोन्ही वेळा खरी. दोन्ही वेळा टिचकी मारली, दोन्ही वेळा बाळ रडलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यंत्र इथंच राहू दे, आणि नागपूरला दाखवायला दुसरं करून घे. दुसऱ्याचीही सगळी बारीक जोडणी कोकिळानंच करून दिली. कधी नव्हे इतकं सुबक काम झालं होतं ते.

पितृपक्ष लागून चार दिवस झाल्यावर तो नागपूरला निघाला. ती एसटीवर गेली, डब्यातला कोणता स्क्रू सैल करायचा नाही ते सांगायला. निदान बापाला तरी तिनं तसंच सांगितलं. ऊन पडलं होतं. गाडी भरली होती, त्याला खिडकीशी जागा मिळाली. डबा मांडीवर घेऊन बसला.

"मार्गशीर्षात लग्न हाये," तो म्हणाला. "तू..."

"नाई येत मी. बाबांना पाठवीन."

ड्रायव्हर चढला. शालिग्रामनं खिडकीचा गज हातात धरला. गेले काही दिवस तो झोपला नसावा, डोळे खोल गेले होते.

"एक इचारू? माह्या डोक्यातून जात नाई म्हणून इचारतो. त्या दिवशी मी अजून एकदा इचारलं असतं... घंटीचं नाई, सरळ तुलेच इचारलं असतं, माह्यासोबत येते का म्हणून... त तू हो म्हणाली असती? मी इचारलंच नाई नीट. एवढंच मनाले खाऊन राह्यलं."

कोकिळानं त्याच्याकडं पाहिलं. हो म्हणाली असती. एकदा विचारलं असतं तरी हो म्हणाली असती, अर्ध्यात विचारलं असतं तरी. तो पाऊस, ते उघडं दार, तो कापडवाला, सगळ्यांसमोर म्हणाली असती. पण हे "हो" त्यानं आता घेऊन जायचं तरी कुठं? नांदुऱ्याला?

"नाई," ती म्हणाली. "तरी म्या नाईच म्हटलं असतं. बाबांचे डोळे असे. दुकान सोडून मले कुठी जायचंच नव्हतं."

"खरं?"

"खरं."

गाडी सुरू झाली. त्यानं तिच्याकडं नीट निरखून पाहिलं, आणि ती हसली, चांगली तोंडभर हसली. तसा त्याचा चेहरा हळूहळू निवळला.

"बरं," तो म्हणाला. तिचं सांगणं त्यानं याही वेळी खरं मानलं.